झोपून बघितलेलं घर

चावीताईंचं खरं नाव बँकेच्या पासबुकात होतं. गल्लीत ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नव्हतं. लाँड्री आणि औषधाच्या दुकानाच्या मध्ये शटरची एक खोली, आत टेबल, चार खुर्च्या, आणि भिंतीवर खिळ्यांच्या रांगा. प्रत्येक खिळ्याला कुणा ना कुणाच्या घराची चावी. अठरा वर्षं त्या घरं विकत होत्या.

त्यातली दोन वर्षं बाजार नुसता पेटला होता. एका घराला एका सकाळी अकरा-अकरा गिऱ्हाइकं. लोक दारातूनच आत डोकावायचे आणि जिना उतरता उतरता 'हो' म्हणून टाकायचे. म्हणावंच लागे, कारण खालून दुसरे वर चढत असायचे. नळ सोडून बघायला, भिंतीला हात लावून बघायला कुणाला उसंत नव्हती. ताईंच्या तोंडी एकच वाक्य असे, "संध्याकाळपर्यंत राहील असं वाटत नाही हो." वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर जिभेवर इतकं सहज बसलं.

खोटं त्या कधीच बोलल्या नाहीत. वेळ तेवढी बघून निवडायच्या. पश्चिमेच्या उन्हात भाजणारं घर सकाळी दाखवायचं. पत्र्याच्या कारखान्याला लागून असलेलं रविवारी. धंद्यातले सगळेच हे करतात. पण ज्या जोडप्याला त्यांनी रविवारी ते घर दाखवलं, ती दोघं भाजीच्या बाजारात समोर आली, की ताई उगीच कांदे निवडायला वाकायच्या.

मग कर्जाचं व्याज चढलं, गावाबाहेर तीन नव्या इमारती अर्ध्या रिकाम्याच उभ्या राहिल्या, आणि गिऱ्हाईक दिसेनासं झालं. ताईंचा फोन इतका गप्प झाला की बिघडला म्हणून त्यांनी दोनदा दुकानात दाखवून आणला. समोरच्या एजंटाने ऑफिसात झेरॉक्सचं मशीन आणून ठेवलं आणि घरांऐवजी शाळेच्या दाखल्यांवर पोट भरायला लागला. ताईंचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. "या महिन्यात किती?" असं तो रोज विचारी, आणि ताईंनी उत्तर दिलं की म्हणे, "शून्य हीसुद्धा संख्याच आहे. बिचारीला कमी लेखू नकोस."

ताईंना भीती वाटायची, नाही असं नाही. पण एक गंमत होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. दोन वर्षं उभ्याने जेवून पोटात जी आग बसली होती, ती विझत चालली होती. रस्त्यातून चालताना झाडं दिसायला लागली होती. धंदा बसला म्हणून रडायचं, की श्वास घेता येतो म्हणून हसायचं, तेच कळेना.

हातात असलेल्या घरांत सगळ्यात जास्त दिवस विकायचं राहिलेलं घर होतं घड्याळकाकांचं. काकांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी दुसऱ्या गावी होती आणि 'बाबा, आता माझ्याकडे या' म्हणून तिचा धोशा चालला होता. पहिल्या मजल्यावरचं दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं घर, शिवाय मागच्या बाजूला काकांची काम करायची चिंचोळी खोली. घर चांगलं होतं. पण वरच्या मजल्यावरच्याला तेजीत जो भाव मिळाला, तोच आपल्याला हवा म्हणून काका हटून बसले होते.

"काका, तो भाव गेला," ताई सांगायच्या.

"गेलेला परत येतो. काटा बारावर गेला म्हणजे तिथेच राहतो का?"

सात महिने काटा काही आला नाही. आली ती एक नर्स.

पस्तिशीची असेल. सरकारी दवाखान्यात कामाला, सासू आणि एक मुलगी घरात, नवरा बोटीवर. पहिल्यांदा घर बघून गेली आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "ताई, पुन्हा बघू का?" दुसऱ्यांदा सासूला घेऊन आली. सासूने ओट्याची उंची हाताने मोजली. तिसऱ्यांदा बादली भरायला किती वेळ लागतो ते बघितलं. चौथ्यांदा मुलीला आणून शाळेपर्यंत चालत नेलं आणि आणलं. तेजीत असं गिऱ्हाईक आलं असतं तर ताईंनी दुसऱ्याच फेरीला फोन उचलणं बंद केलं असतं. आता त्यांना तिच्याबरोबर जायला बरं वाटायला लागलं होतं. ही बाई घर असं बघत होती, जसं ते खरं म्हणजे बघायला हवं.

पाचव्यांदा ती ऑफिसात आली ती अवघडून.

"ताई, एक विचारू? हसणार नाही ना?"

"विचार गं."

"मला तिथे एकदा झोपून बघायचंय."

ताई हसल्या नाहीत, पण हातातलं पेन तेवढं खाली ठेवलं.

"माझी बहुतेक रात्रपाळीच असते," नर्स म्हणाली. "सकाळी नऊला सुटते. लोकांचा दिवस तीच माझी रात्र. आत्ताच्या घरात खाली गॅरेज आहे, तीन वर्षं धड झोपले नाहीये. परवा सलाईन लावताना हात थरथरला माझा. घर कसंही असू दे, पण दुपारी झोप लागली पाहिजे. काकांना विचाराल?"

काकांनी आधी कपाळाला हात लावला. "घर विकत घेतेय का खाट?" मग जरा थांबून म्हणाले, "येऊ दे. चादर धुवायला टाकतो."

बुधवारी सकाळी दहाला नर्स ड्युटीवरून थेट आली. पुढच्या खोलीत रस्त्याचा आवाज होता, म्हणून काका निजायचे त्या मधल्या खोलीत तिची व्यवस्था केली. तिने पर्स उशाशी ठेवली, "साडेबाराला उठवा हं," म्हणाली, आणि काका दार लोटेपर्यंत झोपलीसुद्धा.

काका आणि ताई स्वयंपाकघरात येऊन बसले. काकांनी भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक बोटाने थांबवला. चहा केला तो असा, की चमचासुद्धा वाजला नाही.

"चार वर्षांनी या घरात दिवसा कुणी झोपलंय," काका कुजबुजले. "आमची ही झोपायची. पंप लागेपर्यंत."

तो शब्द त्यांच्या तोंडून गेला आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

त्या मधल्या खोलीच्या बरोबर खाली इमारतीचा पाण्याचा पंप होता. सकाळी सहाला एकदा लागे आणि दुपारी बाराला एकदा. चाळीस मिनिटं भिंतीतून असा घुमायचा की कपाटातले पेले किणकिणत. काकांना हे माहीत होतंच. ताईंनाही माहीत होतं. नर्सला त्यांनी चारही वेळा चारनंतर आणलं होतं. मुद्दाम ठरवून नव्हे. हाताला तशी सवयच लागली होती.

"साडेबारा म्हणाली ना ती," ताई म्हणाल्या.

काकांनी मनगटावर बघितलं. "अकरा अठ्ठेचाळीस. वॉचमनला सांगून बघा. अर्धा तास उशिरा लावला तर कुणाचं काय जातंय?"

ताई उठल्या. पाच महिन्यांत एक व्यवहार झाला नव्हता. मुलाच्या कॉलेजची फी तोंडावर होती. खाली जाऊन एक शब्द टाकायचा, बस. जिन्यावरून त्या अक्षरशः धावल्या.

वॉचमनमामा पंपाच्या खोलीचं कुलूपच काढत होते. ताईंना बघून हसले. "काय मॅडम, वर गिऱ्हाईक आहे वाटतं? थांबवू ना अर्धा तास? तेजीत तर रोज थांबवायचो तुमच्यासाठी. वरच्या मजल्याच्या वेळी तर दोन दिवस टाक्या कोरड्या होत्या."

ते प्रेमानेच म्हणाले होते. टोमणा मारणारा माणूसच नव्हता तो. पण ताईंना कानशिलात बसल्यासारखं झालं. त्या तशाच उभ्या राहिल्या. वर झोपलेली बाई त्यांना दिसत होती, पर्सचा पट्टा मुठीत धरलेली. तिच्या मागे रांगेत कुणी नव्हतं. दुसरा कुणी पैसे घेऊन जिन्यात उभा नव्हता. मग आपण धावत कशाला आलो? हिला फसवायची एवढी घाई कुणाला आहे?

"नको मामा," त्या म्हणाल्या. "लावा तुमच्या वेळेला."

"नक्की?"

"लावा हो. बारा वाजले."

पंप घुमायला लागला. ताई जिना चढल्या तेव्हा छाती हलकी झाली होती. स्वयंपाकघरात काकांनी पेल्यांवर हात ठेवला होता, ते वाजू नयेत म्हणून. त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? ताईंनी मान हलवली.

दोन मिनिटांत नर्स दारात आली. केस विस्कटलेले, डोळे लाल.

"हे काय आहे?"

"पाण्याचा पंप," ताई म्हणाल्या. "खोलीच्या खालीच आहे. रोज दोनदा लागतो, चाळीस मिनिटं. मला माहीत होतं. म्हणूनच तुला दर वेळी चारनंतर आणत होते."

काका एकदम बोलले, "मलाही माहीत होतं, बाळ. मीही गप्प बसलो."

ताईंना वाटलं, आता ही पर्स उचलेल आणि जाईल. जाऊ दे. आपण तरी सांगून मोकळ्या झालो.

नर्सने ओट्याला टेकून डोळे चोळले. "अठ्ठावीस घरं बघितली मी," ती म्हणाली. "एकाने सुद्धा असं तोंडावर सांगितलं नाही. सगळीकडे घरी गेल्यावर आपलं आपल्यालाच कळतं." मग तिने कान टवकारले. "ती मागची खोली कसली? तिकडे एवढा येत नाहीये आवाज."

"माझी कामाची," काका म्हणाले. "खोली कसली, बोळ आहे. मधे भिंत जाड आहे, आणि खिडकी मागच्या आवारात उघडते."

"उशी नेते," ती म्हणाली आणि गेलीच.

काका आणि ताई बघत राहिले. चिंचोळ्या खोलीत, घड्याळांच्या सुट्या भागांच्या फळ्यांखाली, सतरंजीवर ती आडवी झाली. पंप चालूच होता. दोन मिनिटांनी ताईंनी दारातून डोकावलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. तिचं तोंड उघडं होतं आणि ती चक्क घोरत होती.

साडेबाराला कुणी उठवलं नाही. पंप बंद झाला, दुपार सरली, काका आणि ताई स्वयंपाकघरात बसून राहिले. ताईंनी डबा उघडला आणि दोघांनी वाटून खाल्ला. काकांनी बायकोच्या गोष्टी सांगितल्या. पंप लागला की ती वैतागून उठायची, पंपाला चार शिव्या द्यायची आणि चहा टाकायची. ती गेल्यावर त्यांना तो चहा स्वतः करावासा वाटेना. मग आपणहूनच ते म्हणाले, "ताई, वरच्याचा भाव विसरा. त्याने दोन दिवसांत विकलं. मी माझं घर माणसाला विकतोय. मुलीकडे जाऊन राहता येईल एवढं मिळालं की झालं."

"काका, दोनदा विचार करा."

"सात महिने तेच करतोय. दमलो."

नर्स चारला उठली. घड्याळ बघून आधी घाबरली आणि मग खदखदून हसली. इतकं मोठ्याने हसताना ताईंनी तिला पहिल्यांदाच बघितलं. "चार तास! ताई, चार तास झोपले मी!"

तरी 'हो' तिने लगेच म्हटलं नाही. आठवडा घेतला, नवऱ्याशी बोटीवर फोनवर बोलली, कागद वकिलाला दाखवले. भाव आणखी थोडा खाली ओढला, तो पंपापायी, आणि काकांनी तो मानला. ताईंची दलाली तेजीच्या मानाने अर्धीच झाली. नवऱ्याने रात्री जेवताना हिशेब मांडायला घेतला, तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे. आज तुझं गणित बाजूला ठेव," आणि त्या बुधवारचं सगळं त्याला सांगितलं. त्याने घास हातात धरूनच ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "बरं झालं धावत गेलीस ती परत आलीस."

महिन्याने काका निघाले. मुलगी न्यायला आली होती. घड्याळं खोक्यांत भरून टेंपोत चढली. काकांनी नर्सला गॅसचा नळ, पाण्याचा कॉक, अडकणारी खिडकी असं एकेक दाखवलं आणि फार न बोलता पुढच्या सीटवर जाऊन बसले. वळणावर त्यांनी हात बाहेर काढून हलवला. ताईंना वाटलं होतं काका रडतील. उलट मुलगी काहीतरी बोलली आणि ते हसताना दिसले.

सामान वर आलं होतं, पण लावलेलं काहीच नव्हतं. नर्सची सासू स्वयंपाकघरात भांडी उलगडत होती, नात तिच्या हाताखाली होती. मागच्या चिंचोळ्या खोलीत मात्र पलंग आधीच ठोकून झाला होता आणि खिडकीला जाड पडदा लागला होता.

"चहा घ्या ना ताई," नर्स म्हणाली आणि तिला जांभई आली.

"रात्री ड्युटी आहे ना तुला?"

"आहे."

"मग झोप आता. चहाला मी परत येईन."

ताईंनी चपला पायात घातल्या नाहीत. हातात घेतल्या, अनवाणीच जिना उतरल्या आणि खाली फाटकाशी आल्यावर घातल्या.