तुमचे हात चालत होते

सकाळच्या पाळीची नर्स आलीच नाही. तिला परदेशात नोकरी लागली हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ती न सांगता अशी निघून जाईल असं कुणाला वाटलं नव्हतं. रात्रभर पायांवर उभ्या असलेल्या रोडोराला हेड नर्स म्हणाली, "दुपारपर्यंत ओढ गं कसंतरी. दुसरं कोण आहे मला?" रोडोराने मान हलवली. नाही म्हणायलाही अंगात थोडं बळ लागतं. तेवढंही उरलं नव्हतं.

पानाय बेटावरच्या त्या सरकारी इस्पितळात व्हेंटिलेटर मोजकेच, आणि तेही कायम कुणाला ना कुणाला लावलेले. ज्याच्या वाट्याला मशीन यायचं नाही, त्याच्या घशातल्या नळीला रबरी फुगा जोडायचा आणि घरच्यांनी तो हाताने दाबत राहायचं. दाबला की श्वास आत, सोडला की बाहेर.

खिडकीजवळच्या खाटेवर कोन्सोलासियोन होती. न्यूमोनियाने छाती भरलेली, शुद्ध नाही. तिचा नवरा अपोलोन्यो मासेमारी करायचा. परवापासून तो आणि त्याची मेहुणी आळीपाळीने फुगा दाबत होते. मेहुणीची पोरं घरी एकटी, म्हणून ती काल गावी परतली. तेव्हापासून तो एकटाच. बायकोचे केस गुंतू नयेत म्हणून त्याने ते जाळ्याच्या दोऱ्याने बांधून ठेवले होते.

"मानोंग, द्या इकडे," थोरल्या भावाला हाक मारावी तशी रोडोरा म्हणाली. "पेज आलीय. दोन घास खाऊन घ्या."

"नको मॅम. तुम्हीच पडाल. तोंड बघा तुमचं, शिळ्या बांगड्यासारखं झालंय."

समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची बायको खुदकन हसली. "नर्सबाईला बांगडा म्हणताय? बघा हं, सुई भलतीकडेच टोचेल!"

रोडोरालाही हसू आलं. तिने त्याच्या हातातून फुगा घेतला. त्याने कशीबशी थोडी पेज घशाखाली उतरवली आणि भिंतीला टेकून बसल्याबसल्याच तो झोपला. वाटीसुद्धा मांडीवर तशीच.

ती दाबत राहिली. खिडकीतून ऊन पाठीवर येत होतं. घोटे सुजून बुटांत मावत नव्हते. दाब, सोड. दाब, सोड. दूर रस्त्यावर आइस्क्रीमवाल्याची घंटा वाजत होती.

कपाळ खाटेच्या लोखंडी दांडीवर आदळलं तेव्हा ती दचकली. फुगा हातात तसाच होता, गच्च फुगलेला, थांबलेला. किती वेळ? पापणी लवली तेवढाच असेल. किंवा नसेल. आइस्क्रीमवाल्याची घंटा आता फाटकाशी वाजत होती.

तिने भराभर फुगा दाबला. दुसऱ्या हाताने मानेवरची नाडी चाचपली. बारीक लागली. लागली असं तिला वाटलं.

"मॅम! धावा!" समोरची म्हातारी ओरडली. "यांना बघा काय होतंय!"

म्हाताऱ्याला झटके येत होते. रोडोराने अपोलोन्योला गदागदा हलवलं. "मानोंग, उठा! धरा हा!" त्याने फुगा धरला आणि ती धावली. म्हाताऱ्याला कुशीवर वळवलं, इंजेक्शन दिलं, झटके थांबेपर्यंत त्याला धरून ठेवलं. त्या सगळ्यात तिने खिडकीकडे एकदाही पाहिलं नाही.

परत आली तेव्हा अपोलोन्यो इमानेइतबारे फुगा दाबत होता. रोडोराने कोन्सोलासियोनच्या ओठांचा रंग पाहिला, पापणी उघडून डोळा पाहिला. काय झालंय ते तिला कळलं. तिने डॉक्टरला हाक मारली. डॉक्टरने बराच वेळ छातीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाला, "मानोंग, थांबा आता." पण तो थांबेना. शेवटी रोडोराने त्याचं एकेक बोट फुग्यावरून सोडवलं.

डॉक्टर गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "मॅम, खरं सांगा. तुम्ही उठवलंत, मी धरलं, पण मध्ये परत डोळा लागला असेल माझा. माझ्यामुळे गेली का ती?"

मलाही झोप लागली होती, हे शब्द रोडोराच्या दातांपर्यंत आले.

"नाही," ती म्हणाली. "मी तिकडून बघत होते. तुमचे हात चालत होते. एकदाही थांबले नाहीत."

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

त्याने तिचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावला, वडीलधाऱ्यांचा लावतात तसा. तो तिच्याहून कितीतरी मोठा होता. "तुम्ही मला झोपू दिलंत, मॅम," तो रडत म्हणाला. "कोण करतं हो असं परक्यासाठी?"

रोडोराला तो हात ओढून घ्यावासा वाटला. घेता आला नाही.

दुपारी ती घरी आली. तिचा नवरा जहाजावर असायचा, घर आणि लेकीची शाळा मोठी बहीण सालिंग बघायची. "इंदाय, आलीस? भात वाढू?" सालिंगने चुलीपाशी बसूनच विचारलं. धाकटीला ती लाडाने इंदायच म्हणायची.

रोडोरा दारातच बसली. बूट काढायलाही वाकवेना. थोरल्या बहिणीला ती म्हणाली, "मानांग, मला झोप लागली होती."

"मग झोप की! कोण नको म्हणतंय?"

"आता नाही. इस्पितळात. फुगा माझ्या हातात होता."

सालिंगच्या हातातला डाव थांबला. ती उठून दाराशी आली. आवाज खाली आणून म्हणाली, "कुणी बघितलं?"

"नाही."

"मग..." सालिंगने रस्त्याकडे एकदा पाहून घेतलं.

"कुणी बघितलं असतं तर बरं झालं असतं, मानांग. माझ्यामुळे गेली की नाही, ते सांगितलं तरी असतं कुणीतरी. आता कुणाला विचारू?"

सालिंगने खाली बसून तिचे बूट काढले, मोजे सोलले, सुजलेली पावलं मांडीवर घेऊन चोळत राहिली. मग तिला आत नेऊन निजवलं, पंखा लावला. शाळेतून आलेल्या लेकीला शेजारी पिटाळलं. रोडोरा पडून राहिली. डोळे मिटले की फुगा धरल्यासारखे हात दचकायचे, म्हणून शेवटी तिने डोळे मिटायचंच सोडलं.

ऊन उतरताना फोन वाजला. हेड नर्सला रात्रपाळीला कुणीतरी हवं होतं. "ती झोपलीय," सालिंग दबक्या आवाजात म्हणत होती. "नाही, उठवणार नाही मी. माणूस आहे ती पण."

रोडोरा उठून बाहेर आली. भिंतीला धरून उभी राहिली आणि फोनसाठी हात पुढे केला. सालिंगने मान हलवून नको म्हटलं, फोन छातीशी धरला. रोडोराने हात तसाच ठेवला.

"मी बोलतेय, मॅम," ती फोनवर म्हणाली. "हो. येते."