मखमलीची उलटी बाजू

बुधवारी लेक शाळेतून आली ती दप्तर न काढताच शिवणाच्या टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आई, शुक्रवारनंतर मी महिनाभर मुकी होणार."

मी काजं करत होते. सुई थांबवली. "घसा दुखतोय?"

"घसा नाही. गणित."

आमची लेक सातवीत. तिला 'का' विचारायची खोडच आहे. आजोबा, म्हणजे माझे सासरे, तिला शंकासूर म्हणतात. त्या दिवशी गणिताच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, उणे गुणिले उणे बरोबर अधिक. सगळ्या वर्गानं मुकाट उतरवून घेतलं. आमचा शंकासूर उभा. "का, बाई?"

"नियम आहे."

"पण का नियम आहे?"

असं म्हणे तीनदा झालं. शेवटी बाई हसल्या, पण हसता हसता अट घातली. "शुक्रवारी तूच सांग का ते. वर्गाला पटलं तर मी हरले. नाही पटलं, तर महिनाभर माझ्या तासाला 'का' हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

"आणि तू हो म्हणालीस?"

"सगळे बघत होते, आई!"

बाकी कशाचीही शिक्षा तिला चालली असती. शंभरदा लिहा म्हटलं असतं तर लिहून मोकळी झाली असती. पण 'का'शिवाय महिना म्हणजे माशाला ओट्यावर ठेवण्यासारखं. दूधही न पिता ती कागद शोधायला लागली.

आजोबा पुढं सरसावले. त्यांनी तीस वर्षं एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवली आहे. त्यांच्या मते जगात असं काही नाही जे लिफ्टनं समजावता येत नाही.

"सोप्पं आहे. उणे दोन म्हणजे कुठला मजला?"

"तळघराच्या खालचा."

"शाबास. आता तिथे जायचं बटण उणे तीन वेळा दाब."

"उणे तीन वेळा कसं दाबायचं?"

आजोबा थबकले. बोट हवेतच राहिलं. "म्हणजे... दाबायचं नाही."

"ते शून्य वेळा झालं, आजोबा."

"मग लिफ्ट बंद आहे असं समज आणि जिन्यानं जा," असं म्हणून ते पेपर वाचायला बसले.

माझ्याकडे विचारायची सोयच नव्हती. माझं गणित टेपपुरतं. आणि त्या आठवड्यात माझ्याच डोक्यावर एक कोट बसला होता.

कोट जादूगाराचा. रविवारी त्याचा मोठा खेळ. जुन्या कोटाचा उजवा पल्ला निखाऱ्यानं जळला, तेवढाच बदलून हवा होता. हा जादूगार डावखुरा. त्यामुळे चोरखिसा उजव्या पल्ल्यात, डाव्या हाताला सापडेल असा. पल्ल्याची कडही तिरकी, छातीवरून पलीकडे जाणारी. मखमल त्यानंच आणली होती, कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानातून, जुन्याशी रंग जुळणारी. "ताई, एवढीच आहे," तो म्हणाला, "आणि कबुतरं बाहेर काढणं मला जमतं, मखमल नाही." तुकडा एका पल्ल्यापुरता. वर चार बोटं.

गुरुवारी पहाटे बेतायला घेतली. सकाळी सातपर्यंत मी कोणाशी बोलत नाही. बरीच वर्षं तो नेम आहे. मन शांत असतं, हात सरळ चालतो, म्हणून अवघड कापड मी त्याच वेळी बेतते. लेक तेव्हा टाचण्या लावायला येते आणि दोघींचं मिळून एकटीच बोलते.

"आई, समज मी तीन पावलं मागे गेले. आता हे उणे वेळा करायचं. कोण करेल असं? वेड लागलंय का कोणाला? साचा असाच ठेवू ना?"

मी मान हलवली. साच्याच्या कागदावर आकडे दिसत होते, आणि माझ्या साच्यांवर आकडे असतातच. टाचण्या लागल्या. मनात देवाचं नाव घेतलं आणि कात्री चालवली. मखमल कापताना आवाज येत नाही. नुसता हाताला कळतो तिचा जीव.

पल्ला सुटा झाला. लेकीनं टाचण्या काढल्या, कागद उचलला, उलटा केला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"आई, 'सुलटी' खाली होती."

माझ्या प्रत्येक साच्याच्या एका बाजूला मी ठळक 'सुलटी' असं लिहिते. ती बाजू वर हवी. पण लेकीनं रात्री कोरा कागद म्हणून त्याच साच्याची पाठ वापरली होती. मला जी मापं वाटली ती तिची उणे तीन गुणिले उणे दोन होती. आकडे वर दिसत होते म्हणून तिनं तीच बाजू वर ठेवली, आणि मी नंदीबैलासारखी मान हलवली.

साचा उलटा म्हणजे उजवा पल्ला डावा. डाव्या हातमोज्यात उजवा हात घालायचा प्रयत्न करून पाहावा, म्हणजे कळेल मी काय म्हणते ते. मखमल दुसरी नाही. रविवार तीन दिवसांवर. मी कात्री ठेवून स्टुलावर बसले.

घड्याळात पावणेसात.

"आई, ओरड ना माझ्यावर! एक धपाटा तरी घाल!"

मी घड्याळाकडे बोट दाखवलं. ती रडायला लागली. आवाजानं आजोबा उठून आले, आणि काय झालं ते तिनं हुंदक्यांतून सांगितलं.

"बघू तरी," म्हणत त्यांनी पल्ला उचलला, झटकला आणि मखमल वर येईल असा स्वतःच्या बनियनवर धरला. अंगानं ते जादूगाराएवढेच. आरशात बघितलं. चोरखिशाची खूण बघितली. डावा हात त्या खुणेपर्यंत नेऊन बघितला.

"हा तर उजवाच आहे, शंकासूर."

"नाही हो, आजोबा, डावा झालाय."

"मी तीस वर्षं लोकांना डावीकडे-उजवीकडे सांगितलंय. मला नको शिकवूस."

मी उठले. पल्ला हातात घेतला. खरंच उजवा होता. मग टेबलाकडे बघितलं. उरलेली चार बोटांची पट्टी तशीच पडलेली. पाठ वर, मखमल खाली.

रोजचं सुती कापड मी दुमडून, उलटी बाजू वर ठेवूनच बेतते. तिथे दोन्ही पल्ले एकदम निघतात, काही बिघडत नाही. पण एकेरी मखमल अंथरताना तिची सुलटी बाजू वर हवी. सवयीच्या हातानं मी ती पालथी घातली होती. लेकीनं साचा उलटा ठेवला, मी कापड उलटं ठेवलं. आणि पल्ला निघाला सुलटा.

लेक टेबलाकडे बघत राहिली. साचा उचलला, पालथा केला, परत सरळ केला. पट्टी पालथी केली. डोळ्यांतलं पाणी तसंच, आणि तोंड हळूहळू उघडत गेलं.

"आई! उणे गुणिले उणे!"

तेवढ्यात सात वाजले. मी म्हटलं, "आधी तोंड धू."

दिवसभर तिच्या पायांना जमीन नव्हती. जेवताना तर तिनं कहरच केला. "म्हणजे मी कप फोडला, आणि फोडला नाही असं खोटंही बोलले, तर दोन चुका. म्हणजे सगळं बरोबर?"

मी काही बोलायच्या आत तिनंच मान हलवली. "नाही, नाही. त्या चुकांची बेरीज होते. उणेत उणे मिळवलं तर आणखी उणे." आजोबा म्हणाले, "हे मात्र लिफ्टसारखं आहे, खालून आणखी खाली." मला मात्र हायसं वाटलं.

शुक्रवारी ती घाईत गेली आणि हाताच्या पंजाचा खाकी कागदी साचा टेबलावरच विसरली. रात्रभर बसून केलेला, अंगठा ऐटीत बाहेर काढलेला, एका बाजूला फुली. तो घेऊन मी धावतच शाळा गाठली. दारातून तो तिच्या हातात दिला आणि परत फिरणार, तोच आतून तिचा आवाज आला. "हा सगळा शोध माझ्या आईनं मखमल उलटी अंथरली म्हणून लागला."

चाळीस डोकी दाराकडे वळली. गावभर ज्यांचे कपडे शिवते त्यांचीच ही पोरं. धरणी दुभंगावी असं वाटलं.

"या ना आत," बाई म्हणाल्या. "खरंच असं झालं?"

खोटं कसं बोलणार? "हो, बाई. झालं खरं."

लेकीनं एका बाजूनं लाल चकचकीत, दुसरीकडून पांढरा असा कागद घेतला. फुली वर, लाल वर. कापला. उजवा लाल पंजा. मग फुली खाली. कापला. डावा. मग फुली वर, पण लाल खाली. पुन्हा डावा. शेवटी दोन्ही पालथे. कापला, लाल बाजू वर करून उंच धरला. उजवा! वर्गानं "ओऽऽ" केलं.

"हे कागदाचं झालं," शेवटच्या बाकावरून एक लंबूटांग मुलगा म्हणाला. "आकड्यांचं काय?"

"उणेनं गुणायचं म्हणजे पालथं करायचं. तीन पावलं पुढे होती. उणेनं गुणलं. आता?"

"तीन मागे."

"ती परत उणेनं गुणली?"

"पुढे... थांब. हे मीच म्हणालो का?"

सगळे हसले. बाईंनी विचारलं, "कोणाकोणाला पटलं?" हात वर गेले. त्या लंबूटांग मुलाचा सोडून सगळ्यांचे. बाई लेकीकडे बघत भुवया उंचावून म्हणाल्या, "वर्गाला म्हणजे सगळ्या वर्गाला. अट आठवते ना?" लेकीचा चेहरा उतरला. तिनं वळून माझ्याकडे बघितलं.

त्या मुलानं तिच्याकडे नाही, माझ्याकडे तोंड केलं. "काकू, तुमच्याकडून तिसरी चूक झाली असती तर?"

मी गणितात कधी पन्नासच्या वर गेले नाही. पण मखमल मला कळते.

"मग, बाळा," मी म्हटलं, "मखमल गेली असती."

तो दोन क्षण छताकडे बघत राहिला. ओठ हलत होते. उलटी, सुलटी, उलटी. मग त्याचा हात हळूच वर गेला.

बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, उणे गुणिले उणे गुणिले उणे बरोबर उणे. खाली कंसात लिहिलं, मखमल गेली. मग लेकीला म्हणाल्या, "हरले. विचार काय विचारायचं ते."

मी तिथून सटकले. फाटकापर्यंत पोचले असेन, तेवढ्यात उघड्या खिडकीतून आवाज ऐकू आला.

"का, बाई?"

आवाज लेकीचा नव्हता. त्या लंबूटांग मुलाचा होता.