गोजरबाईंची पिशवी आणि आबासाहेबांचं पिस्तूल

मी एक जुनी पिशवी आहे. कापडी, दोन बंदांची, तळाला ठिगळ लावलेली. तुम्ही म्हणाल, पिशवीला कसलं आलंय आयुष्य? मेथी आत, मेथी बाहेर. पण थांबा जरा, मित्रांनो. माझ्या पोटात बसून जेवढ्या वेळा पिस्तूल दवाखान्यात गेलं, तेवढ्या वेळा आपल्या नगर जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या पिशवीतून गेलं असेल, तर मी आत्ता इथे उसवून दाखवते.

माझा जन्म बेलापूरला, आसाराम शिंप्याच्या दुकानात झाला. आबासाहेबांनी मुलाच्या, म्हणजे हर्षलच्या लग्नासाठी सफारी शिवायला टाकला होता. जाड, मातकट रंगाचं, भारीतलं कापड. गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड ठेवून घ्यायचं नाही, त्याची पिशवी करून द्यायची, अशी आसारामची पद्धत. तशी मी झाले आणि सफारीबरोबर घरी आले. सफारी दोन लग्नांनंतर आबासाहेबांच्या पोटावर बसेना, म्हणून पेटीत गेला. मी अजून हिंडते आहे. एकाच कापडातली आम्ही भावंडं, पण बघा कसं असतं एकेकाचं.

आबासाहेबांच्या बायकोनं, गोजरबाईंनी मला पहिल्याच दिवशी ताब्यात घेतलं. आठवडे बाजार, लेकीच्या घरचा फराळ, शेतावरची भाकरी, सगळीकडे मी. "लई गुनाची पिशवी हाय," असं त्या शेजारणीला सांगायच्या तेव्हा माझे बंद ताठ व्हायचे. पुढे सूनबाई रेश्मांनी चेनच्या, चकचकीत पिशव्या आणल्या, आणि मी दारामागच्या खिळ्यावर गेले. तिथे मी बरेच महिने लटकले. एक पाल माझ्यात राहायला आली होती. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? भाजी आणायला गोजरबाई निघाल्या की माझ्याकडे बघायच्या आणि चेनवाली उचलून जायच्या.

माझे दिवस पालटले ते आबासाहेबांच्या मांडीमुळे. त्यांची उजवी मांडी बाहेरच्या अंगानं जळायला लागली. कधी मुंग्या, कधी आग, कधी हात लावला तरी कळायचं नाही. सकाळी उसाच्या बांधावरून एक फेरी मारल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागत नसे, ते आबासाहेब अर्ध्या बांधावर बसून राहायला लागले. मग नगरच्या मोठ्या दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. एक्स-रेचं ते लांबरुंद पाकीट चेनच्या पिशवीत मावेना. माझ्यात कसं अलगद बसलं! खिळ्यावरून उतरले ती थेट नगरला निघाले.

आता पिस्तुलाचं सांगते. आबासाहेबांचा पूर्वी कांद्याचा व्यापार होता. रोकड घेऊन आडवाटेनं यावं लागे, म्हणून त्यांनी रीतसर परवाना काढून ते घेतलं होतं. पुढे व्यापार हर्षलनं हातात घेतला, पैसे मोबाईलवरून इकडचे तिकडे व्हायला लागले, काडतुसं घरच्या कपाटात कुलूपबंद झाली. रिकामं पिस्तूल मात्र आबासाहेबांच्या कमरेवरच राहिलं. नेहरू शर्टाच्या आत, पायजम्याच्या नाडीवर एक जाड चामडी पट्टा आणि उजव्या बाजूला कव्हरात पिस्तूल. सकाळी अंघोळ झाली की देवाला हात जोडायचे आणि पट्टा आवळायचा. पोट वाढलं तसं पट्ट्याचं भोक पुढे सरकायला हवं होतं, पण ते त्यांना मान्य नव्हतं. मग गोजरबाई मागून ओढायच्या आणि आबासाहेब श्वास कोंडून उभे राहायचे.

लग्नात तर मजा असायची. अक्षता टाकायला हात वर केला की शर्ट वर सरकायचा, पिस्तुलाचं टोक दिसायचं, आणि मागची माणसं एकमेकांना कोपर मारायची. मंगलाष्टकं संपली तरी आबासाहेबांच्या अक्षता संपायच्या नाहीत. पंचक्रोशीत त्यांना पिस्तूलवाले आबा म्हणत, आणि ते ऐकून त्यांच्या मिशा फुलत.

दवाखान्यातही ते पिस्तूल घेऊनच जायचे. दाराशी भली मोठी पाटी होती, शस्त्र आणू नये म्हणून. दाराशी बिभीषण नावाचा रखवालदार बसायचा. तो मोठा कडक. दर वेळी आबासाहेबांचा खिसा चाचपून तंबाखूची पुडी काढून घ्यायचा आणि आरोग्यावर चार शब्द सुनावायचा. आबासाहेब मान खाली घालून ऐकायचे आणि पिस्तुलासकट आत जायचे.

आत डॉक्टर नीलांबरी बसायच्या. वयानं तरुण, बोलायला मोकळ्या, पण नजर बारीक. त्यांनी "पडद्यामागे जाऊन झोपा" म्हटलं की आमचं काम सुरू. गोजरबाई आबासाहेबांबरोबर पडद्यामागे जायच्या आणि माझं तोंड उघडून धरायच्या. आबासाहेब शर्टाखाली हात घालून पट्टा सोडायचे, आणि पट्टा, कव्हर, पिस्तूल असं सगळं लटांबर माझ्या पोटात उतरायचं. थंडगार, जड आणि तेलकट वासाचं. माझ्यात भाकरीचा डबा असायचा, त्याला तो वास लागायचा. पिस्तुलाची ऐट तरी काय सांगू! इतक्या खेपा बरोबर केल्या, पण शेजारच्या डब्याशी एकदा म्हणून बोललं नाही.

मॅडमनी पहिल्याच खेपेला नेमका प्रश्न विचारला होता. "कमरेला काही घट्ट बांधता का हो? पट्टा वगैरे?"

"नाडीचा पायजमा हाय मॅडम," आबासाहेब म्हणाले. "पट्टा कुठला?"

पायजमा नाडीचाच होता, त्यात खोटं काही नव्हतं. पट्टा माझ्या पोटात होता. गोजरबाईंनी पदर तोंडाला लावला आणि माझे बंद जरा जास्तच घट्ट धरले.

मग गोळ्या झाल्या, शेक झाले, व्यायाम झाले. फरक शून्य. तेवढ्यात झेडपीची निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, आणि परवान्याची पिस्तुलं पोलीस ठाण्यात जमा करा असा निरोप आला. दर निवडणुकीला येतो तसाच. आबासाहेब पिस्तूल ठेवून आले आणि ओसरीवर बसले. "अंगावर कापड न्हाई असं वाटतंय," असं म्हणाले. दवाखान्याची तारीख आली तर तीही पुढे ढकलली. आचारसंहिता उठू दे, मग बघू म्हणाले. निवडणुकीचा आणि मांडीचा काय संबंध, ते कुणालाच कळेना.

आणि मित्रांनो, नवल बघा. प्रचाराचे भोंगे गावात फिरत होते तेव्हा आबासाहेबांची मांडी हळूहळू निवत गेली. ते अख्खा बांध चालून यायला लागले. पंगतीला मांडी घालून बसले. श्रेय घ्यायला घरात चढाओढ लागली. हर्षल म्हणाला, मी आणलेल्या गादीनं गुण दिला. रेश्मा म्हणाल्या, मी रोज शेकते ना! आबासाहेब म्हणाले, आमची हाडंच मुळात जुनी, दणकट.

निकाल लागला, गुलाल उधळला, आचारसंहिता उठली. पिस्तूल परत आलं. अंघोळ, देव, पट्टा सुरू झालं, आणि थोड्याच दिवसांत मांडी पुन्हा चुलीतल्या लाकडासारखी पेटली. पट्टा ओढता ओढता गोजरबाईंना आबासाहेबांच्या कमरेवर लाल वळ दिसला. त्यांनी तसं बोलून दाखवलं, आणि हे मॅडमना सांगा म्हणून मागे लागल्या.

"पिस्तुलानं मानूस मरतो," आबासाहेब फणकारले, "मांडी न्हाई दुखत. डाक्टरीन झालीस व्हय तू?"

विषय तिथेच संपला. पण पुढच्या खेपेला मॅडमचा चेहरा गंभीर होता. मोठ्या मशीनमध्ये घालून कमरेचे फोटो काढले. तेव्हा तर धातूचं काही नको म्हणून नर्सबाईंनी अंगठीसुद्धा काढायला लावली. मी आणि पिस्तूल बाहेर बाकावर गोजरबाईंच्या मांडीवर होतो. फोटोत मणका थोडा झिजलेला निघाला. त्या वयात सगळ्यांचाच झिजतो म्हणे. पण दुखण्याचं दुसरं कारण सापडत नाही, तेव्हा मणक्याचं ऑपरेशन करायचं का, ते ठरवायची वेळ आली. मणक्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं. नीलांबरी मॅडम एकदा शेवटचं तपासणार आणि मग तारीख ठरणार.

त्या रात्रीपासून गोजरबाईंना जेवण जाईना. कापायचं काही नसताना उगाच पाठ उघडणार, या विचारानंच त्यांचं काळीज लकलक करायचं. माझ्यात भरलेले कागद त्या पुन्हा पुन्हा काढायच्या आणि पुन्हा भरायच्या. मी पडले पिशवी. मला पोट आहे, तोंड आहे, पण बोलता येत नाही. त्या वेळी मला आयुष्यात पहिल्यांदा त्याचा राग आला.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी आम्ही बाकावर बसलो होतो. बिभीषणानं पुडी काढून घेऊन झाली होती. शेजारच्या खोलीत कुणाला तरी सुई टोचली असावी, एक लहान मूल भोकाड पसरून रडलं. आबासाहेब दचकले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"आता तरी सांगा," गोजरबाई हळूच म्हणाल्या. "ते इथं कशापायी आनता? इथं कोन दरोडा घालनार हाय?"

आबासाहेब समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "मला लई भ्या वाटतं गं इथं. ह्या वासाचं, त्या सुईचं. कमरंला हात लागला, की जरा धीर येतो."

मित्रांनो, मी अवाक् झाले. लग्नात मिशा फुलवणारे, सगळ्या पंचक्रोशीचे पिस्तूलवाले आबा सुईला घाबरत होते! गोजरबाई हसल्या नाहीत. त्यांनी नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला. एवढ्या वर्षांच्या संसारात हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

नाव पुकारलं. आम्ही आत गेलो. मॅडम म्हणाल्या, पडद्यामागे जा. आबासाहेबांनी नेहमीसारखा शर्टाखाली हात घातला, पट्टा सोडला आणि सगळं लटांबर माझ्याकडे आणलं. माझं तोंड बंद होतं. गोजरबाईंनी ते मुठीत गच्च आवळून धरलं होतं. आबासाहेबांनी खुणावलं, डोळे वटारले, मग काकुळतीला आले. मूठ काही सैल होईना.

"न्हाई," गोजरबाई म्हणाल्या. "आज पिशवी उघडनार न्हाई."

पडद्यापलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मॅडम येत होत्या. आबासाहेबांच्या हातात पिस्तूल, कपाळावर घाम. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गोजरबाईंकडे. गोजरबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघितलं आणि त्यांचे खांदे खाली आले. पडदा सरकला तेव्हा ते दोन्ही हातांवर पट्टा आणि कव्हर आडवं धरून उभे होते.

"मॅडम," ते म्हणाले, "मी खोटं बोललो. हा पट्टा. रोज असतो. रिकामं हाय, काडतुसं घरी हायत."

मॅडम दोन पावलं मागे गेल्या. चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तो बरोबरच पडला होता, कारण रिकामं असलं तरी ते समोरच्याला कसं कळणार? मग त्या रागावल्या. आधी ते गाडीच्या डिकीत ठेवून कुलूप लावून या आणि पुन्हा या दारातून आणू नका, असं त्यांनी ठणकावलं. आबासाहेब निमूट गेले. बिभीषण त्यांच्याबरोबर गाडीपर्यंत चालला. इतक्या दिवसांत आपण नुसती तंबाखूच पकडली, याचं त्याला इतकं वाईट वाटलं, की त्यानं पुडी परत दिली आणि लगेच पुन्हा काढून घेतली.

आबासाहेब रिकाम्या कमरेनं परत आले आणि पलंगावर झोपले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. तेव्हा गोजरबाईंनी माझे बंद त्यांच्या मुठीत दिले. काय धरलं होतं त्यांनी मला! मॅडमनी या वेळी नाडी खाली सरकवून लाल वळ पाहिला, कमरेच्या हाडाजवळ बोटानं दाबलं, आणि आबासाहेब ओरडून उठले. मॅडम हसल्या. पहिल्यांदाच हसल्या.

"ही नस इथून मांडीत जाते," त्यांनी सांगितलं. "पट्ट्याखाली ती चिरडते आहे. आबा, तुमचा मणका नाही, तुमचा थाट दुखतो आहे. महिना-दीड महिना कमर मोकळी ठेवा. ऑपरेशनचं नंतर बघू."

नंतर बघायची वेळच आली नाही. आबासाहेब आता रोज अख्खा बांध चालतात. पिस्तूल त्यांनी आपणहून पोलीस ठाण्यात नेऊन दिलं आणि परवानाही नको म्हणून सांगितलं. निवडणूक नसताना ते दारात दिसले, तेव्हा हवालदारसाहेब आधी कुठली निवडणूक लागली ते विचारायला लागले. लग्नात आबासाहेब अजूनही हात वर करून अक्षता टाकतात आणि मागची माणसं अजूनही एकमेकांना कोपर मारतात. शर्टाखाली काही नाही हे त्यांना माहीत नाही. आबासाहेबही आपण होऊन सांगत नाहीत, मिशा तेवढ्या फुलवतात.

दवाखान्यात आता रक्त तपासायला जावं लागतं. निघताना ते स्वतः मला खिळ्यावरून काढतात. सुई आली की डोळे मिटतात, माझे बंद मुठीत आवळतात आणि सगळ्यांसमोर खुशाल म्हणतात, "मॅडम, हळू हां. मला भ्या वाटतंय." मॅडम हळू टोचतात. एवढंच तर म्हणायचं होतं.

एवढ्या ओढाताणीत माझा एक बंद परवा उसवला. तेव्हा मला आसारामकडे घेऊन गेले ते आबासाहेबच. आसाराम ठेवून जा म्हणाला तर ऐकेनात, टीप घालून होईस्तोवर दुकानातच बसून राहिले.

मित्रांनो, जुन्या पिशवीचं एवढं ऐकलंत, तर आणखी एक ऐका. डॉक्टरांपुढे काही लपवू नका, आणि भीती तर अजिबात लपवू नका. घरात एखादी जुनी पिशवी असेल तर तिला फेकू नका, तिचे बंद मात्र शिवून ठेवा. सुई टोचताना कुणाला तरी ते धरायला लागतात.