ढग झाडणाऱ्या दोघी

लग्नाची सकाळ उजाडली तरी पाऊस थांबेना, आणि माझं डोकं काही ठिकाणावर राहीना.

नवरी ओढ्यापलीकडची. आमचं गाव या कड्यावर, त्यांचं समोरच्या; मध्ये घळ. एरवी इकडून हाक मारली की तिकडचं माणूस ओ देतं, पण ओढा फुगला की कुणी इकडचं तिकडे होत नाही. ज्योतिष्यानं बजावलं होतं, दुपारचा कोंबडा आरवायच्या आत नवरीनं उंबरा ओलांडायचा, नाहीतर पुढचा चांगला दिवस थेट पुढच्या वर्षी. माझा लेक चाङशुन तिच्यावर असा लट्टू, की तोवर वाळून काटकी झाला असता. आणि खरं सांगू? मलाच धीर नव्हता. नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. पोरगा तर घुम्या. मला बोलायला, भांडायला घरात बाईमाणूस हवं होतं.

पण मी हातावर हात धरून बसणारी नव्हे. आदल्या दिवशीच तांबडा कागद घेतला, कात्री घेतली आणि ढग झाडणारी बाई कापली. पावसाची झड लागली की आमच्याकडे घरोघरी कापतात. अंबाडा घातलेली, दोन्ही हातांत झाडू. दाराच्या वळचणीखाली टांगायची, की ती ढग झाडून लावते. माझ्या झाडूची तर काडी न् काडी सुटी दिसते. उगाच नाही सांगत, अख्ख्या पंचक्रोशीत विचारा.

तरी पाऊस आपला पडतोच आहे!

"तुझी बाई तुझ्यावरच गेलीय," नणंद च्वेइपिंग खांगवर मांडी ठोकून म्हणाली. खाली चुलीनं तापलेला ओटा, हातात माझी लाल बोरं, मग जीभ का नाही चालणार? "तोंड मोठं, काम शून्य."

"वन्सं, आधी बिया उचला. ती ढग झाडते, तुमचा केर नाही."

सनईवाले बसल्या बसल्या माझ्या राळ्याच्या तळलेल्या वड्यांचा फडशा पाडत होते. चाङशुन नवे कपडे घालून अंगणाच्या कडेला भिजत उभा. तिथूनच ओरडला, "आई, त्यांच्या दारातही काहीतरी तांबडं लटकतंय!"

मी डोक्यावर पोतं घेऊन धावले. खरंच की! तोंडाशी हात धरून हाक मारली, "विहीणबाई! दारात काय टांगलंय?"

"ढग झाडणारी बाई!" तिकडून उत्तर आलं. "आमच्या हुआइयिंगनं कापलीय!"

अगं बाई! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन्ही घरांची दारं ओढ्याकडे. माझी बाई ढग त्यांच्याकडे लोटणार, त्यांची माझ्याकडे. मग बिचारे ढग जाणार कुठे? बसलेत ओढ्यावर रडत!

"उतरवा ती खाली!" मी ओरडले.

"आम्ही का म्हणून? तुमची उतरवा! आमची पोरगी न्यायची आणि वर झाडूही तुमचाच चालवायचा होय?"

"आमची आधी टांगलीय!"

"कोण म्हणतं?"

झालं! दोन्ही काठांवर गाव गोळा झालं. लोक भिजत उभे राहिले, पण एकही हलेना. च्वेइपिंग तर बोरांचं सूपच घेऊन बाहेर आली. चाङशुन माझी बाही ओढत होता. "आई, हात जोडतो. लग्न व्हायच्या आधीच मोडू नकोस गं." त्याचा रडवेला चेहरा पाहून मी चपापले. पण आता माघार घ्यायची कशी?

तेवढ्यात तिकडून तिसरा आवाज आला, बारीक पण धारदार. नवरीनं त्या दिवशी आत बसून रडायचं असतं. ही बया अंगणात!

"काकू! कुणीच उतरवू नका! दोघींची तोंडं ओढ्याच्या खालच्या अंगाला फिरवू. एकाच बाजूला झाडतील!"

पोरीचं बरोबरच होतं. ते आपल्याला का सुचू नये, म्हणून राग आला तो वेगळाच. "आधी तू फिरव!" मी म्हटलं.

"एकदमच फिरवू! सनई वाजली की!"

वडे गिळून सनईवाल्यांनी गाल फुगवले. सनई वाजली, इकडे मी फिरवली, तिकडे तिनं.

पाऊस त्या क्षणी थांबला असं म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? तो तसाही थांबणारच होता, असं च्वेइपिंग अजून म्हणते. म्हणू दे. पण सरी विरळ झाल्या, पाणी उतरून गाढवाच्या पोटाशी आलं. चाङशुन कमरेएवढ्या पाण्यात दोरी धरून पुढे, गाढवावर लाल कपड्यातली हुआइयिंग. तिनं उंबरा ओलांडला आणि मागोमाग कोंबडा आरवला. मी ढसाढसा रडले. रडणारच की!

ऊन पडल्यावर त्या बाईचे आभार मानून तिला जाळायचं असतं. नाहीतर ती हिवाळाभर झाडत राहते, बर्फ पडत नाही आणि गहू करपतो. हुआइयिंगनं स्वतःची बाई अंगरख्याच्या आत कोरडी ठेवून आणली होती. मी हातात घेतली आणि बघतच राहिले. माझी बाई ताठ उभी असते. हिची चालत होती! घागरा वाऱ्यानं भरलेला, पाऊल उचललेलं. मी जळले, साफ जळले. आणि तेवढाच आनंदही झाला.

पण पहिल्याच दिवशी सासूनं सुनेकडे नमुना मागायचा? छे! मी गुपचूप मागच्या खोलीत गेले. पांढरा कागद ओला केला, त्यावर तिची बाई चिकटवली. दिव्याच्या धुरावर धरला की कागद काळा होतो, बाई काढली की तिचा पांढरा ठसा राहतो. मग हवी तेव्हा कापा. फक्त दिवा बाहेरच्या खोलीत होता. तो आणायला गेले, तर खांगवर नवरी बसलेली. दिवा पेटवलेला, नाकाला काजळी आणि धुरावर धरलेली माझी बाई!

"आई, रागावू नका," ती दचकून म्हणाली. "झाडूच्या अशा काड्या मला जन्मात जमल्या नाहीत. जाळायच्या आधी ठसा घेत होते."

ओला कागद मी पाठीमागे धरला होता. लपवता आला असता. मी तो पुढे केला.

तिनं तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि फिस्सकन हसली.

"हसतेस काय? सरक तिकडे," मी म्हटलं. "दिवा मध्ये घे."

च्वेइपिंग दारातून डोकावली. "वा! पहिल्याच दिवशी सासू-सुना दोघींची तोंडं काळी!"

मग दोन्ही बायांना आम्ही अंगणात नेलं आणि एकाच काडीनं पेटवलं.