बटणांच्या डब्यातली शेवटची गोळी

दचकलात ना? मीही दचकलेच. या डब्याचं झाकण उघडलं की मला धस्स होतं. मी जुलाब थांबवणारी एक साधी गोळी बोलतेय. पांढरी, गोल, सदऱ्याच्या बटणाएवढी. आणि राहतेही बटणांच्याच डब्यात.

कारखान्यात पावडर दाबून मला घडवलं, बहिणींच्या रांगेत चंदेरी पट्टीत बंद केलं. पट्टीमागे आमचं नाव होतं. खोक्यात बारीक अक्षरांचा कागद होता. कुणाला देऊ नये तेही त्यात लिहिलेलं. तेवढाच आम्हाला धीर.

ज्या घरी आले ते शिंप्याचं. म्हातारे बाबा, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा दिवसभर कामावर, म्हणजे घरात सासरा-सून दोघंच. बाबांच्या हाडांत कॅन्सर उतरला होता. मशीन बंद झालं, पण हात स्वस्थ बसेनात. त्यांनी बटणांचा डबा रिकामा केला आणि कप्पे औषधांना वाटून दिले. एक ओकारीचा, एक जुलाबाचा, एक शौचाला अडल्याचा. मग कापडाची मोठी कात्री घेऊन पट्ट्यांचे एकेका गोळीचे तुकडे केले. आमचं नाव त्यात चिरफाळलं. खोका आणि कागद केरात गेले.

सून म्हणाली, "बाबा, नावं तरी राहू द्यायची."

"नावाशी काय करायचंय? काम ठाऊक असलं म्हणजे झालं."

काम! ते तरी कुठे नीट ठाऊक होतं? मी रोग बरा करत नाही हो. मी आतड्यात जाऊन फक्त म्हणते, "हळू." आतड्याच्या लाटा मंदावतात, आतलं पाणी शोषायला वेळ मिळतो, पातळ असतं ते आळतं. अडल्याच्या कप्प्यातली पुडी माझ्या अगदी उलट. ती पाणी धरून ठेवते, वाळलेलं मऊ करते, पुढे सरकवते. आणि ओकारीची गोळी मेंदूच्या दाराशी बसते. पोटाची तक्रार आत पोचू देत नाही. तक्रार मिटते असं नाही, ऐकू येत नाही इतकंच.

आमच्या शेजारी आणखी एक होती, दुखणं मारणारी जबरी गोळी. माझी लांबची चुलत बहीणच ती. मेंदूत चढून वेदना झोपवते, पण जाता जाता आतड्यालाही "हळू" सांगून जाते. म्हणून तर डॉक्टरांनी तिच्यासोबत रोज पुडी घ्यायला सांगितली होती.

बाबा दोन्ही घेत होते. मग एका सकाळी अंथरुणात पाण्यासारखं झालं. दुपारी पुन्हा. सुनेने चादर ओढून काढली, बादलीत भिजवली. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"जन्मभर लोकांच्या पँटी बेतल्या, पोरी. आता स्वतःची सांभाळता येईना."

"असं काय बोलता? मी परकी आहे का?"

"परकी नाहीस, म्हणूनच लाज वाटते. ती पुडी बंद कर आधी. बांधणारी दे."

"डॉक्टरांना विचारू का?"

"एवढ्याशा जुलाबाला डॉक्टर? हसतील. दे म्हणतो ना!"

तिने जुलाबाचा कप्पा उघडला. टच्च! माझी एक बहीण गेली. पुन्हा चादर भिजली, पुन्हा टच्च. दर आवाजाला मी आकसत होते. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण गोळीला तोंड कुठे असतं? ती तोंडात जाते, बोलत नाही.

पुढे बाबांना मळमळू लागलं. सुनेने ओकारीचा कप्पा उघडला. तिची चूक काय म्हणू? जे दिसेल त्याचा कप्पा उघडायचा, हीच त्या घराची रीत होती. ओकारी जराशी थांबलीही. पण पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं आणि मग ओकारीही त्या गोळीला जुमानेना. तेव्हा तिने डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, बाबा कळवळले. डॉक्टरांनी सुनेला दाराशी नेलं.

"शेवटचं घट्ट कधी झालं होतं?"

"घट्ट? अहो, पाणी होतंय नुसतं! थांबतच नाही."

"ते जुलाब नाहीत, बाई. आत वाळून दगड झालाय. त्याच्या कडेने पाणी झिरपतंय, तुंबलेल्या मोरीसारखं. काय दिलंत?"

तिने डबा पुढे केला. डॉक्टरांनी मला उचललं, उलटून पाहिलं. मागे नावाचा अर्धामुर्धा तुकडा. त्यांनी गाडी बोलावली.

बाबा परत आले नाहीत. तुंबून तुंबून आतडं फाटलं होतं.

लोक भेटायला आले. "सुटले बिचारे," म्हणाले. मुलाने विचारलं, "एकदम कसं झालं गं?" तिने डोळ्याला पदर लावला. "आजारच तसला होता," म्हणाली.

आता बाकीचे कप्पे रिकामे झालेत. तिने बटणं पुन्हा भरलीत, रंग पाहून, आकार पाहून, बाबा भरायचे तशी. मला मात्र टाकवत नाही तिला. नवऱ्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं की झाकण उघडतं. पांढऱ्या बटणांत बोट फिरवताना तिला मी लागते आणि ती चटका बसल्यासारखा हात मागे घेते. मीही दचकते. आम्हा दोघींनाच ठाऊक आहे.

बाई, मला टाकून दे. माझी मुदतही संपत आली. पण त्याआधी एकदा तुझ्या नवऱ्याला जवळ बसव, मला त्याच्या तळहातावर ठेव आणि सगळं सांग. तू विचारायला निघाली होतीस हेही सांग. लाजेपायी बाबांनीच आम्हाला मागून घेतलं होतं, हेसुद्धा.

तो बाहेरून हाक मारतोय, "सापडलं का बटण?"

तिची बोटं माझ्यावर थांबली आहेत. अजून तिने हात मागे घेतलेला नाही.