अंड्यातलं पिवळं

माझी बायको जाड होती आणि मला ती जाडच आवडायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ती बारीक होते, आणि ऐकणाऱ्यांना उगाच वाटतं की नवऱ्याची चैन झाली असेल. तसं काही झालं नाही.

मी कात्रजला दूध डेअरीत नोकरीला. घरात तुपाला तोटा नाही. ललिताला कोणी वजनावरून बोललं की मी म्हणायचो, "डेअरीवाल्याची बायको वाळकी दिसली तर लोक दुधावर संशय घेतील." ती हातातलं लाटणं माझ्यावर उगारायची आणि पोळीला आणखी तूप लावायची. त्यात तिचा उजवा गुडघा स्कूटरवरून पडल्यापासून गेलेला. आत पट्टी आणि स्क्रू. चालणं म्हणजे घरातल्या घरात, फार तर लिफ्टपर्यंत.

तिला एकच भाऊ, प्रज्ञेश, आठ वर्षांनी लहान. वडील लवकर गेले. आई सुशीलाबाई दवाखान्यात आया होत्या. येरवड्यातल्या दोन खोल्यांत रविवारी एक अंडं उकडायचं, आणि सुशीलाबाई ते शिवणाच्या दोऱ्यानं मधोमध कापायच्या, म्हणजे भांडण नको. ललिता आपल्या अर्ध्यातलं पिवळं काढून भावाच्या ताटात सरकवायची. "मला नाही आवडत पिवळं, मळमळतं," म्हणायची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तिला ओट्यापाशी उभी राहून डोळे मिटून पिवळं खाताना पकडलं. ती दचकली आणि म्हणाली, "अहो, प्रज्ञेशला सांगू नका हं." मी सांगितलं नाही. पुढे तो मोठा झाला, चारचाकीतून आमच्याकडे यायला लागला, तरी अंडाकरी केली की हिचं पिवळं त्याच्या ताटात जायचंच. आणि तो निमूट खायचा. मला कधीकधी रागच यायचा त्याचा.

पण पोरगा गुणी होता. इंजिनिअर झाला तेव्हा पुण्यात नुकत्याच कॉम्प्युटरच्या कंपन्या उघडत होत्या. गळ्यात कंपनीचं कार्ड घालून वस्तीत आलेला तो पहिलाच. सुशीलाबाईंनी ते कार्ड आधी बाबासाहेबांच्या फोटोसमोर ठेवलं, मग त्याला परत दिलं. तो अमेरिकेत जाऊन आला, हिंजवडीत स्थिरावला, खराडीत नोकरी करणाऱ्या निकिताशी लग्न केलं. सगळं छान चाललं होतं, आणि मग त्याचं लिव्हर गेलं. दारूचा थेंब कधी घेतला नव्हता त्यानं. लहानपणी झालेली कावीळ आत घर करून बसली होती, म्हणे.

डॉक्टर म्हणाले, जवळच्या नात्यातल्या कोणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. सुशीलाबाईंचं वय बसत नव्हतं. निकिताचा रक्तगट जुळला नाही. ललिताचा जुळला. बोर्डात पहिली आल्यासारखी ती दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये मला म्हणाली, "बघा, माझाच जुळला!" मग तिचं स्कॅनिंग झालं, आणि डॉक्टरांनी मान हलवली. तिच्या लिव्हरवर चरबी होती. असं लिव्हर काढून देता येत नाही.

"चरबी उतरवलीत तर घेऊ," डॉक्टर म्हणाले. "पण लवकर. त्यांच्याकडे फार वेळ नाही."

घरी आल्यावर तिनं तुपाची बरणी उचलली आणि शेजारच्या घरी देऊन आली.

सदाशिव पेठेत अक्षता नावाच्या एका फिजिओथेरपिस्टकडे मी तिला नेलं. पोरगी तिशीतली, पण बोलणं पेठेतलंच. ललितानं रडवेली होऊन विचारलं, "मला चालता येत नाही, पळता येत नाही, जिना चढता येत नाही. मी चरबी कशी उतरवू?"

"पळायला कोणी सांगितलंय?" अक्षता म्हणाली. "घरी खुर्ची आहे?"

"आहे."

"तीवर बसता. आता तीवरून उठायलाही शिका."

खुर्चीवर बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं, गुडघ्याला झेपेल इतकंच. पाण्याचे कॅन भरून ते बसल्या जागी डोक्यावर न्यायचे. रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून ओढायचा. साखर बंद, तळण बंद, भात चमच्यानं. पण डाळ, दही, मासे आणि अंडी मात्र पोटभर. "नुसती उपाशी राहिलात तर चरबीच्या आधी अंगातलं मांस जाईल," तिनं बजावलं. "मांस राखायचं आणि चरबी घालवायची. म्हणून खायचं आणि वजन उचलायचं."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ललितानंही ऐकलं. आम्हाला वाटलं, हे ललितासाठी आहे.

निकिता कामावर जाताना प्रज्ञेशला सकाळी आमच्याकडे सोडायची. तो सोफ्यावर बसून बहिणीची उठबस मोजायचा. मोजायचा म्हणजे लबाडी करायचा, मधेच मागचे आकडे पुन्हा म्हणायचा.

"अरे, हे झालं होतं!" ललिता धापा टाकत ओरडायची.

"ताई, क्लायंटला फसवायचं नाही. पुन्हा."

हसून हसून तिचा तोल जायचा. इतकी वर्षं भाऊ असा दिवसभर तिच्या वाट्याला आलाच नव्हता. तो आजारी आहे हे आम्ही तेवढ्यापुरतं विसरायचो. ते दिवस सुखाचे होते असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण होते.

जेवायला दोघं समोरासमोर बसायची. ती मोजूनमापून खायची, आणि तिचं बघून तोही हात आखडता घ्यायला लागला. भाताचा घास राहू दे, पोळी अर्धीच दे. त्याच्या वाटीतलं अंडं उचलून तो तिच्या ताटात ठेवायचा.

"हे काय रे? तुझं तू खा."

"तुला प्रोटीन लागतं. माझ्या लिव्हरला जरा आराम पाहिजे."

"अरे, पण..."

"ताई, तू माझ्यासाठी पोटाला चिमटा घेतेस, आणि मी तुझ्यासमोर बसून भात ओरपू? आणि हे बघ, शेवटी तुझं लिव्हर माझ्याच पोटात येणार आहे. तू खाल्लंस काय, मी खाल्लं काय!"

आयटीतल्या माणसाचं लॉजिक. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. ती ते अंडं खायची. पिवळ्यासकट, कारण आता ते औषध होतं.

निकिता मात्र कटकट करायची. डॉक्टरांनी त्याला सारखं खायला सांगितलंय, झोपण्यापूर्वीसुद्धा खायला सांगितलंय, म्हणायची. पण आमच्या घरात आजारी माणसानं हलकं खावं ही समजूत पक्की. सुशीलाबाई दवाखान्यात जन्म काढूनही तेच म्हणायच्या. निकिता बिचारी दिवसभर खराडीत. आणि खरं सांगायचं तर आम्हाला ते बघून भरून यायचं. बहीण भावासाठी कमी खातेय, भाऊ बहिणीसाठी कमी खातोय. यात काही वाईट असेल असं कोणाच्या मनात यावं?

वर घरातल्या वजनकाट्यानं आम्हाला पुरतं बनवलं. दर रविवारी दोघं त्याच्यावर उभी राहायची. ललिताचा काटा खाली यायचा. प्रज्ञेशचा जागच्या जागी. "मी स्टेबल आहे," तो म्हणायचा. पोट जरा फुगलेलं दिसायचं, ते या आजारात असतंच असं आम्ही धरून चाललो होतो. बहीण उतरतेय, भाऊ टिकून आहे, आणखी काय पाहिजे? मी तो काटा नंतर भंगारात दिला. फोडून दिला.

ललिताचे ब्लाऊज ढगळ झाले. गालाची हाडं दिसायला लागली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. पण दोन्ही हातांत पाण्याचे भरलेले कॅन घेऊन ती खुर्चीवरून ताडकन उठायची, आणि प्रज्ञेश टाळ्या वाजवायचा. पुन्हा स्कॅनिंग झालं. डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "मानलं तुम्हाला," म्हणाले. "लिव्हर स्वच्छ आहे. आता पेशंटच्या तपासण्या करू आणि तारीख ठरवू." त्या संध्याकाळी मी पेढे आणले. एकानंही खाल्ले नाहीत. ऑपरेशन झाल्यावर खाऊ, असं ठरलं.

तपासणीला आम्ही चौघंही गेलो. डॉक्टरांनी प्रज्ञेशच्या शर्टाची बाही वर सारली, दंड चिमटीत धरला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठा बघू."

प्रज्ञेश हसला. इतके दिवस दुसऱ्याचं मोजत होता, आता स्वतःचं. त्यानं जोर लावला. उठता येईना. पुन्हा लावला. मांड्या थरथरल्या आणि तो मागे बसला. शेजारच्या खुर्चीवरून ललिता नकळत उठून उभी राहिली. "असं बघ, प्रज्ञेश," ती म्हणाली, "टाचांवर जोर दे. पुढे वाक थोडा. असं." आणि बसून तिनं त्याला पुन्हा उठून दाखवलं. तो तिच्याकडे बघत राहिला. उठला नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. लिव्हर गेलेल्या माणसाला अन्न साठवता येत नाही. तो जेवला नाही की शरीर त्याचंच मांस खातं. वजन तेवढंच राहिलं, कारण पोटात पाणी भरत गेलं. हातापायांतलं मांस गेलं आणि त्याच्या जागी काट्यावर पाणी उभं राहिलं. या अवस्थेत ऑपरेशन झेपणार नाही. आधी खायला घाला, थोडी ताकद येऊ दे, मग लगेच घेऊ.

ललितानं एकच विचारलं. "डॉक्टर, त्यानं रोजची अंडी खाल्ली असती तर?"

"आता द्या," डॉक्टर म्हणाले. "आता द्यायला लागा."

मग तिनं जे खायला घालायला सुरुवात केली, ते बघवत नव्हतं. सकाळी अंडं, मग दही, मग डाळीचं पाणी, मग पुन्हा अंडं. तो घास तोंडात घेऊन बसायचा, गिळायचा नाही. "खा रे राजा," ती म्हणायची, "एवढा एक." तोही तिच्यासाठी प्रयत्न करायचा, आणि उलटून पडायचं. अशातच ताप आला. पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन झालं होतं. त्याला आयसीयूत हलवलं.

तिथं डॉक्टर बाहेर आले की ललिता त्यांच्यासमोर उभी राहायची. "आज घ्या ना," म्हणायची. "माझं तयार आहे हो. तुम्हीच म्हणालात स्वच्छ आहे. अर्धं नको, जास्त घ्या." डॉक्टर खाली बघायचे. मी तिला धरून बाकावर बसवायचो. धरताना हाताला तिची हाडं लागायची.

शेवटच्या दुपारी त्याला जरा शुद्ध होती. आम्हाला दोघांना आत सोडलं. ललिता त्याचा हात चोळत होती. त्यानं डोळे उघडून तिच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्याकडे, मानेकडे.

"ताई, किती वाळलीस गं."

"तू बरा हो. मग दोघं मिळून जाड होऊ."

तो हसल्यासारखं वाटलं. मग म्हणाला, "तुला पिवळं आवडायचं. मला माहीत होतं."

ललिता त्याचा हात चोळत राहिली.

"आई कामावर गेल्यावर तू एकदा खाल्लं होतंस. मी दारातून बघितलं. तरी मी घेत राहिलो. मला पण फार आवडायचं गं."

"घेतलंस ते बरं केलंस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो गेला. इतकी वर्षं मी त्याला मनातल्या मनात आपमतलबी म्हणत आलो होतो, आणि तो पोरगा आमच्याच टेबलाशी बसून एकेक अंडं परत करत होता.

प्रज्ञेशच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला घर भरलं होतं. भन्तेजींनी वंदना घेतली, निकिता आणि सुशीलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, सगळे गंभीर होते. पण जेवणाच्या पंक्तीत ललिताच्या एका मावशीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि कुजबुजली, "दुःखाचं आहे, पण तुझी तब्येत मात्र छान झाली हं." मी मावशीला उठवून बाहेर काढणार होतो. ललितानं माझा हात दाबला.

ती आता पुन्हा जाड होत नाही. मी तुपाची बरणी परत आणली, ती तशीच भरलेली आहे. सकाळी ती सवयीनं अंडं उकडते, दोऱ्यानं कापते, पांढरं खाते. पिवळं ताटाच्या कडेला काढून ठेवते. मी एकदा म्हणालो, "अगं, आता तरी खा." तिनं ऐकलं नाही. मग मीही बोलणं सोडलं.

गेल्या महिन्यात आम्ही बाजार करून आलो, तर खाली लिफ्टपाशी सोसायटीत नव्यानं आलेल्या एक बाई उभ्या होत्या. पायात पळायचे बूट, घामाघूम. ललिताकडे बघून म्हणाल्या, "तुमचे जुने फोटो बघितले मी गणपतीच्या ग्रुपवर. ओळखूच आला नाहीत! मी रोज एवढी पळते, तरी तसूभर फरक नाही. तुम्ही तर कधी चालायलाही दिसत नाही. काय केलंत तरी काय? आम्हालाही सांगा की."

"काही नाही," ललिता म्हणाली. "माझ्या भावाच्या वाटचं खाल्लं."

बाईंना ती पुणेरी थट्टा वाटली. त्या खळखळून हसल्या. लिफ्ट आली. मी भाजीची पिशवी ललिताच्या हातातून घेतली आणि आमच्या मजल्याचं बटण दाबलं.