ऋताच्या गाडीचे टायर

अमेरिकेतल्या, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीतली मराठी मंडळी उल्हासकाकांना विचारल्याशिवाय गाडी घेत नाहीत, घर घेत नाहीत आणि घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा फिल्टरसुद्धा बदलत नाहीत. काका निवृत्त इंजिनियर. ऐन तारुण्यात या देशात आले आणि तेव्हापासूनचे सगळे हिवाळे त्यांनी टोपी न घालता काढले, असं ते स्वतःच सांगतात. सल्ला मागितला तरी देतात आणि नाही मागितला तर जास्तच देतात. त्यामुळे निहार आणि ऋताच्या घरी विंटर टायर येणार आहेत, ही बातमी त्यांच्या कानावर गेली त्याच संध्याकाळी फोन वाजला.

"ऋता, अगं कशाला हे फॅड?" काका म्हणाले. "तुझ्या गाडीला ऑल-सीझन टायर आहेत ना? नावातच सगळं आलं. आणि इतकी भीती वाटत असेल तर बर्फात निहारची एसयूव्ही आहे. ऑल-व्हील ड्राइव्ह. मी सांगितली म्हणून घेतली त्याने. तो सोडेल तुला."

"आणि तो नसेल तेव्हा, काका?"

"तेव्हा घरी बसायचं. बर्फात कोण मरायला बाहेर पडतंय?"

घरी बसायचं. हे दोन शब्द ऐकले की ऋताच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि त्याला कारण होतं. ती फिजिओथेरपिस्ट. अमरावतीला शिकली, पुण्यात दोन-चार वर्षं उत्तम काम केलं आणि लग्न होऊन निहारमागोमाग इथे आली ती थेट सोफ्यावर. निहारची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. करता यायला लागली तेव्हा सिया पोटात होती. सिया चालायला लागल्यावर इथल्या फिजिओथेरपीच्या लायसन्सच्या परीक्षा, मग कागदपत्रं, मग पुन्हा परीक्षा. आता सिया दुसरीत होती, आणि आता कुठे वूस्टरच्या पलीकडे, डोंगरावरच्या एका गावात, तिला वृद्धांच्या रिहॅबमध्ये काम मिळालं होतं. खुबा मोडलेली, गुडघे बदललेली म्हातारी माणसं तिथे यायची आणि त्यांना पुन्हा पायावर उभं करायचं काम ऋताचं. पहिले काही महिने प्रोबेशन. तेवढे पार पडले की नोकरी पक्की.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला त्या सकाळी निहारने खिडकीतून बाहेर बघितलं आणि परस्पर जाहीर केलं, "आज तू ड्राइव्ह करायचं नाही. फोन कर आणि कॅन्सल कर." ऋताने केलं. अजूनही तिला त्या फोनची लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी तिची सुपरवायझर, स्वतः डोंगराच्या त्या बाजूला राहणारी, पन्नाशीची शांत बाई, तिला बाजूला घेऊन म्हणाली की ऑपरेशन झालेल्या माणसाला बर्फाची सुट्टी नसते. काल दोघं जण दिवसभर पलंगावर पडून राहिले. पुन्हा असं झालं तर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल.

बाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ऋता त्या दिवशी घरी येताना गाडीत एकटीच रडली, आणि रडून झाल्यावर तिला स्वतःचाच राग आला. नोकरी जाणार तर ती आपल्या कामामुळे जाऊ दे. नवऱ्याने खिडकीतून बाहेर बघितलं म्हणून कशाला जायची?

मग तिने वाचायला सुरुवात केली. थंडी वाढली की साध्या टायरचं रबर कडक होतं आणि रस्ता धरत नाही. विंटर टायरचं रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहतं. हे वाचताक्षणी तिला पटलं, कारण रोज ती हेच तर बघत होती. पेशंटच्या मांड्यांत कितीही ताकद असू दे, पायात गुळगुळीत सपाता असतील तर तो पडतो. म्हणून त्याला चालवायच्या आधी ती रबरी तळाचे मोजे घालायची. निहारच्या गाडीची चारही चाकं जोर लावत असतील, कबूल. पण तो जोर निघताना कामाला येणार. थांबताना काय?

"थांबताना काय?" हाच प्रश्न तिने निहारला विचारला.

"यार ऋता, तू काय काकांपेक्षा जास्त शहाणी आहेस का? ते चाळीस वर्षं इथे ड्राइव्ह करतायत."

"म्हणजे चाळीस वर्षं त्यांचं नशीब बरं होतं."

निहारने कपाळाला हात लावला. शनिवारी तिने कोणालाही न विचारता टायरच्या दुकानात गाडी नेली आणि चारही विंटर टायर बसवून आणले. जुने चार गॅरेजमध्ये मराठी मंडळाच्या गणपतीच्या मखराशेजारी रचले. मखर निहारने सांभाळायला घेतलेलं होतं. त्याला टायर लागून थर्माकोलचा एक खांब मोडला, तेवढ्यावरून घरात दोन दिवस धुसफूस चालली. खांब ऋताने चिकटवला. टायर तिथेच राहिले.

त्यानंतर दोनदा बर्फ पडला. दोन्ही वेळा निहार बोलायच्या आत ती बाहेर पडली. पहिल्यांदा तिचे हात स्टिअरिंगवर इतके आवळले होते की पोचल्यावर बोटं उघडेनात. दुसऱ्यांदा तिने येताना गाणी लावली.

जानेवारीत मंडळाची संक्रांत होती. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या या बर्फाळ कोपऱ्यातल्या संक्रांतीचं एक दुखणं आहे. तिळगूळ ऐन बर्फाच्या दिवसांत वाटायचा असतो, आणि कार्यक्रम होणार की मार्चमध्ये ढकलायचा हे हलव्याचे दागिने करणाऱ्या बायका ठरवत नाहीत, गाडी चालवणारे त्यांचे नवरे ठरवतात. यंदा पहाटेपासून भुरभुर चालू होती. ग्रुपवर पुरुषांची चर्चा रंगली. शेवटी उल्हासकाकांनी निर्वाळा दिला की एसयूव्हीवाल्यांनी यावं, बाकीच्यांनी रिस्क घेऊ नये.

ऋताची त्या शनिवारी सकाळची ड्यूटी होती. ती रिहॅबमधून परस्पर कार्यक्रमासाठी घेतलेल्या शाळेच्या हॉलवर आली, पार्किंगमध्ये बूट बदलले, कोट काढला आणि काळी चंद्रकळा नेसलेल्या बायकांत कामाच्या निळ्या कपड्यांतच जाऊन उभी राहिली. निहार आणि सिया तिच्यानंतर पोचले.

"डोंगरावरून आलीस?" काकांनी भर हॉलमध्ये आवाज चढवला. "त्या डबड्यातून? निहार, तू हिला काही बोलत नाहीस?"

"बोलून उपयोग आहे का, काका?" निहार हसला. आजूबाजूचे चार पुरुषही हसले.

ते हसू ऋताला झोंबलं. हातातला तिळगूळ तिने तोंडात टाकला, शांतपणे चावून संपवला आणि म्हणाली, "काका, मागचं पार्किंग रिकामं आहे. अजून बर्फ काढणारा प्लाऊ फिरलेला नाही. तुमची गाडी काढा. मी माझी काढते. एकाच वेगाने जाऊ, एकाच ठिकाणी ब्रेक दाबू. कोण कुठे थांबतं ते सगळेच बघतील."

काकांच्या पत्नी रेखाकाकू, आयुष्यभर भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेली करारी बाई, हळदीकुंकवाची कोयरी खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, जा की. सगळ्यांना सांगत असता, आता दाखवा."

आता माघार कशी घ्यायची? काका गेले. त्यांच्यामागे अख्खं मंडळ गेलं. चंद्रकळांवर जाड कोट, खाली गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात तिळगुळाच्या वाट्या. कोणीतरी कचऱ्याचा मोठा डबा आणून खुणेला ठेवला. डब्याच्या बरंच पुढे, पार्किंगच्या टोकाला, आधीच्या वादळातल्या बर्फाचा ढिगारा होता. वेग ताशी वीस मैल ठरला.

ऋता आधी गेली. इथे फजिती झाली तर निहारने बर्फात गाडीची किल्ली पुन्हा हाताला लागू दिली नसती, आणि किल्लीबरोबर नोकरीही गेली असती. डबा आला. तिने ब्रेक दाबला. पायाखाली खरखर झाली, गाडी नाकावर थोडी वाकली आणि थांबली. दोन-तीन गाड्यांच्या लांबीतच थांबली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

काकांची एसयूव्ही रुबाबात निघाली. निघाली मात्र झकास, एकही चाक जागच्या जागी फिरलं नाही. डब्याशी काकांनी ब्रेक दाबला. मागचे लाल दिवे सगळ्यांना दिसले. गाडी थांबायचं नाव घेईना. लाल दिवे लावून ती ऋताच्या गाडीच्या बाजूने, अगदी सावकाश, सगळ्यांदेखत पुढे सरकत गेली आणि नाक खुपसून ढिगाऱ्यात जाऊन बसली.

काका काच खाली करून ओरडले, "पाय घसरला पेडलवरून! पुन्हा!"

पुन्हा झालं. पुन्हा ढिगारा. तिसऱ्यांदा ते गाडी मागे घ्यायला लागले तेव्हा रेखाकाकू पुढे झाल्या. "अहो, पुरे. ब्रेक लावताना सगळ्याच गाड्यांना चार चाकं असतात, एवढं त्या पोरीला कळलं. तुम्ही इंजिनियर ना?" आणि त्या सरळ ऋताच्या शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. "कार्यक्रम संपला की मला तूच घरी सोड गं. यांच्या शेजारी बसून मी चाळीस वर्षं मनातल्या मनात ब्रेक दाबतेय."

हॉलमध्ये परतल्यावर निहारचा तोरा बघण्यासारखा होता. "आमच्याकडे सेफ्टीच्या बाबतीत कॉम्प्रमाइझ नाही," असं तो दोन-तीन जणांना सांगताना ऋताने स्वतःच्या कानांनी ऐकलं. तिला हसू आलं. जाऊ दे, म्हणाली मनात. पटलं ना, मग झालं.

पण काय पटलं होतं, ते सोमवारी सकाळी कळलं.

रविवारभर वादळाच्या बातम्या होत्या. सोमवारी उजाडलं तेव्हा प्लाऊने रस्त्याकडेला लोटलेल्या बर्फातून मेलबॉक्सची नुसती टोपी दिसत होती. ऋता डबा भरत असताना सिया जिन्यावरून उड्या मारत खाली आली. "आई, नो स्कूल! इट्स अ स्नो डे!"

मागोमाग निहार आला. दाढी झालेली, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. त्याने सहज, मीठ मागावं तसा हात पुढे केला. "ऋता, तुझी किल्ली दे. बॉस्टनला क्लायंट मीटिंग आहे. आज तुझीच गाडी बरी."

"आणि मी?"

"तू कुठे जाणार? सियाची शाळा बंद आहे. आणि माझ्या गाडीला विंटर टायर नाहीत, यार. ती घेऊन तू बर्फात जायचं नाही. डेंजरस आहे."

ऋता त्याच्याकडे बघत राहिली. तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती आणि हात तसाच पुढे होता. टायर लागतात, हे त्याला पटलं होतं. तिचं कामावर जाणंही तितकंच लागतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी जिंकलेलं सगळं तो तिच्याच किल्लीने घेऊन चालला होता.

तिला वाटलं होतं आपण ओरडू. पण आवाज अगदी खालचा निघाला. "निहार, माझे तीन पेशंट आज पहिल्यांदा उभे राहणार आहेत. मी जातेय."

"आणि सिया?"

"तिला बाबा आहे."

"अगं, पण मीटिंग..."

"झूमवर घे. नाहीतर फोन कर आणि कॅन्सल कर. मी डिसेंबरात केला होता. सोपं असतं."

निहारचा हात खाली आला. सिया आईकडून बाबाकडे आणि बाबाकडून आईकडे बघत होती. मग तिने बाबाची बाही ओढली. "सो आर वी मेकिंग पॅनकेक्स?"

ऋताने बूट चढवले, डबा घेतला, फावड्याने गाडीमागचा बर्फ ओढून वाट केली. गाडी मागे घेऊन ती रस्त्याला लावत होती तेवढ्यात निहार दारातून तसाच मोज्यांवर बाहेर आला. बॅग अजून खांद्यालाच होती. तिने काच खाली केली. बोलण्यासारखं काही सापडेना तेव्हा माणूस जे बोलतो तेच शेवटी तो बोलला.

"सावकाश चालव."

"गाडी कशी चालवायची ते मी बघते," ऋता म्हणाली. "तू घरचं बघ."